प्रकल्प नोंदी: पंपाच्या पुस्तिकेतली ‘इंग’ची वाक्यं

२ जून

आजपासून पुस्तिकेचं काम हातात घेतलं. शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात सेंट्रिफ्युगल पंप बनतात आणि प्रत्येक पंपाबरोबर एक इंग्रजी पुस्तिका जाते. ५६ पानं. ती उघडणारा माणूस कधी पंचगंगेकाठच्या पाणीपुरवठा संस्थेचा ऑपरेटर असतो, कधी केनियातल्या चहाच्या कारखान्यातला फिटर, कधी मस्कतमधल्या एखाद्या इमारतीचा पंपवाला. तिघांपैकी कुणाचीच मातृभाषा इंग्रजी नाही. मराठी पुस्तिका वेगळी निघणार आहे, पण इंग्रजी तर राहणारच, म्हणून आधी ती सोपी करायची.

माझ्या वाट्याला आलेलं काम नेमकं आहे. मुख्य वाक्याला -इंग किंवा -एडचं शेपूट लावून जोडलेली उपवाक्यं शोधायची आणि मोकळी करायची. शाळेत ‘पार्टिसिपल’ म्हणून घोकलेला प्रकार. ‘रिमूव्हिंग द कव्हर, चेक द इम्पेलर’ या तऱ्हेची वाक्यं. (इम्पेलर म्हणजे पंपाच्या आतलं, पाणी ढकलणारं चाक.) वीस वर्षांपूर्वी ज्यांनी पुस्तिका लिहिली त्यांचं इंग्रजी उत्तम होतं, आणि म्हणूनच अशी वाक्यं पानोपानी आहेत.

संगणकावर ‘इंग’ शोधलं तर पडदा भरून गेला. बेअरिंग, केसिंग, कपलिंग, पॅकिंग, हाउसिंग, स्प्रिंग, रिंग. पंपात नांदणारे अर्धे भाग ‘इंग’वरच संपतात. त्यांना हात लावायचा नाही, ती नावं आहेत. ती वगळून उरलेल्या १३७ जागा वहीत उतरवल्या. -एडच्या जागा वेगळ्या मोजायच्या आहेत.

आधाराला विमान देखभालीच्या क्षेत्रातले नियम घेतले आहेत, एएसडी-एसटीई१००. विमानाचे मेकॅनिक जगभर, पुस्तकं इंग्रजीत. त्यांच्यासाठी सोप्या इंग्रजीची पहिली मार्गदर्शिका १९८६ साली निघाली, आत्ताचं नाव २००५ पासूनचं. सुमारे ९०० मान्य शब्द. कृती सांगणारं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं, माहिती देणारं २५ शब्दांचं. आणि क्रियापदाचं -इंग रूप फक्त तांत्रिक नावात चालतं, एरवी नाही. म्हणजे बेअरिंग राहील, ‘रिमूव्हिंग’ जाईल. पंपाच्या पुस्तिकेला हे नियम बंधनकारक नाहीत, पण आमच्या वाचकाची अडचण तीच आहे.

४ जून

काल दिवसभर १३७ वाक्यांची वर्गवारी करायला बसले होते. व्याकरणाच्या पुस्तकात असतात तसे कप्पे केले: वेळ, कारण, अट, साधन. संध्याकाळपर्यंत निम्मी वाक्यं कुठल्याच कप्प्यात निश्चिंत बसेनात.

पान १९ वरची ही तीन वाक्यं पाहा.

‘रोटेटिंग द शाफ्ट बाय हँड, लिसन फॉर नॉइझ.’
‘रिमूव्हिंग द कव्हर, चेक द इम्पेलर.’
‘यूझिंग अ स्पॅनर, लूझन द नट्स.’

तिन्हींचा साचा एकच. पहिल्यात दोन्ही कामं एकाच वेळी चालतात, शाफ्ट फिरतोय आणि कान लावलाय. दुसऱ्यात एक काम संपल्यावरच दुसरं. तिसऱ्यात वेळेचा प्रश्नच नाही, पान्हा हे साधन आहे. मला हे कळतं कारण मी कव्हर उघडलेलं पाहिलंय आणि कव्हर न काढता इम्पेलर दिसत नाही हे मला ठाऊक आहे. वाक्यानं हे मला सांगितलेलं नाही.

मग जिथे मला यंत्राची माहिती नाही तिथे काय? उदाहरणार्थ पान २३: ‘क्लोझिंग द डिलिव्हरी व्हॉल्व्ह, स्विच ऑफ द मोटर.’ पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपवरचा हा व्हॉल्व्ह बंद करता करता बटण दाबायचं की पूर्ण बंद झाल्यावर? मी तीनदा वाचलं. माझं इंग्रजी कमी पडतंय असं नाही, इंग्रजीत ते लिहिलेलंच नाही.

५ जून

आज एक पद्धत सापडली आणि ती आपल्या मराठीनंच दिली.

मराठी पुस्तिकेचा कच्चा मसुदा शेजारी उघडून एकेक वाक्य आधी मराठीत करून पाहायला लागले. इंग्रजी एका -इंगमध्ये जे सगळं गुंडाळून ठेवतं त्यासाठी मराठीत प्रत्येकाचं वेगळं रूप आहे. काढून, काढताना, काढत, काढल्यावर, काढल्यास, काढल्यामुळे. यातलं एक निवडल्याशिवाय वाक्य पुढे सरकतच नाही. ‘शाफ्ट फिरवत आवाज ऐका.’ ‘कव्हर काढून इम्पेलर तपासा.’ ‘पान्ह्याने नट सैल करा.’ तिसऱ्यात तर क्रियापदच गळून पडलं, नुसत्या -नं काम भागलं. इंग्रजीतही मग ‘लूझन द नट्स विथ अ स्पॅनर’ एवढं पुरतं.

जिथे निवडताना लेखणी अडखळते तिथे समजायचं की मूळ वाक्य मुकं आहे. अशा जागांवर लाल खूण. पहिल्या फेरीत ४१ खुणा झाल्या. त्यांची उत्तरं माझ्या टेबलावर नाहीत, वर्कशॉपमध्ये आहेत.

मराठीवरही आंधळा विश्वास ठेवायचा नाही हेही लिहून ठेवते. -ऊनची रूपंसुद्धा दोन अर्थ बाळगतात. ‘डोळे मिटून बस’ म्हणतो तेव्हा डोळे मिटलेलेच राहतात, ‘जेवून बस’ म्हणतो तेव्हा जेवण संपलेलं असतं. त्यामुळे ‘व्हॉल्व्ह बंद करून मोटर चालू करा’ आणि ‘व्हॉल्व्ह बंद ठेवून मोटर चालू करा’ यातला फरक मुद्दाम राखावा लागेल.

९ जून

टेस्ट बेडवर गेले. तिथले काका तीस वर्षं पंप चाचणीवर आहेत. लाल खुणांची वही त्यांच्यापुढे ठेवली आणि इंग्रजी वाचून न दाखवता फक्त विचारत गेले, इथे तुम्ही काय करता?

डिलिव्हरी व्हॉल्व्हचं त्यांनी हाताने करूनच दाखवलं. “हे बघा ताई, बंद करताना आधी ह्यो चाक फिरवायचा, पार शेवटपर्यंत. मग लगेच बटण. व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप फिरवत बसायचा नाही, आतलं पाणी तापतंय. आणि चालू करताना पण बंदच. मोटरनं स्पीड धरला की मग हळूहळू उघडायचा.”

सेंट्रिफ्युगल पंपाला पाण्याचा प्रवाह नसताना ताकद सगळ्यात कमी लागते, म्हणून व्हॉल्व्ह बंद ठेवून सुरू केला की मोटरवर ताण येत नाही. हे इंजिनिअरना माहीत असतं. ऑपरेटरला फक्त क्रम हवा असतो, आणि नेमका क्रमच त्या -इंगनं झाकला होता.

नवीन मजकूर:

‘१. क्लोझ द डिलिव्हरी व्हॉल्व्ह फुली.’
‘२. स्टॉप द मोटर इमिजिएटली.’

दोन ओळी, दोन आकडे. आकडा आला की ‘आधी-नंतर’ सांगायला वेगळा शब्द लागत नाही. ‘आफ्टर’ लिहायचा मोह झाला होता, तो खोडला.

दुसरी गोष्ट काकांनीच दाखवली. पान १६: ‘चेकिंग द डायरेक्शन ऑफ रोटेशन, कपल द पंप टू द मोटर.’ मोटर कुठल्या दिशेने फिरते ते कपलिंग सुटं असतानाच क्षणभर चालवून पाहायचं असतं. तीन फेजपैकी दोन वायरी उलट लागल्या तर मोटर उलटी फिरते, आणि पंप जोडलेला असेल तर तोही उलटा, वर बहुतेक वेळा कोरडा. ‘तपासत तपासत जोडा’ असं कुणी वाचलं तर नुकसान ठरलेलं. इथे तीन पायऱ्या केल्या आणि सर्वात वर लिहिलं, ‘मेक शुअर दॅट द कपलिंग इज डिसकनेक्टेड.’ (‘एन्शुअर’ काढून सगळीकडे ‘मेक शुअर’ करते आहे. आपल्या मुलांना तेच आधी येतं.)

१२ जून

आजची नोंद मोठी होणार, कारण हे पान मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

पान ३१, ग्लँड पॅकिंग. म्हणजे शाफ्टभोवतीच्या फटीतून पाणी फार गळू नये म्हणून भरलेली दोरी. ती जिथे भरतात तो स्टफिंग बॉक्स, आणि नटांनी तिला दाबून ठेवणारा तुकडा म्हणजे ग्लँड. मूळ वाक्य: ‘टाइटनिंग द ग्लँड नट्स इव्हनली, ऑब्झर्व्ह द लीकेज.’

मागच्या वर्षी एका ग्राहकाकडून पंप परत आला होता. पॅकिंग जळून काळं ठिक्कर, शाफ्टवरच्या संरक्षक नळीवर, स्लीव्हवर, खोल चरे. तिथल्या पंपवाल्यानं सांगितलं होतं, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे गळती बघत नट आवळले. गळती थांबेपर्यंत. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. गळती दिसली की ती थांबवायची हेच कुठलाही जबाबदार माणूस करेल. वाक्यात ‘गळती थांबवू नका’ असं कुठेच नव्हतं. टाइटनिंग आणि ऑब्झर्व्ह यांच्यामध्ये जे सांगायचं होतं ते स्वल्पविरामात हरवलं.

काकांनी आज ते काम माझ्यादेखत केलं. स्टफिंग बॉक्समध्ये दोरीच्या कड्या, प्रत्येक कडीचा सांधा पुढच्या कडीच्या सांध्यासमोर येऊ नये असा फिरवून बसवलेला. ग्लँडचे नट आधी हातानेच. पंप सुरू केला तेव्हा पाण्याची बारीक धार लागली होती. काकांनी एका नटला पान्हा लावला, षटकोनाची एक बाजू सरकेल एवढाच फिरवला, मग समोरच्या नटला तेवढाच. पान्हा खाली ठेवला. काही केलं नाही. मला वाटलं कुणाची वाट बघताहेत, तर ते पॅकिंगची वाट बघत होते. दोरीला बसायला वेळ लागतो. थोड्या वेळानं धारेचे थेंब झाले. पुन्हा एक बाजू, पुन्हा थांबणं. मध्येच बोटांची पाठ स्टफिंग बॉक्सला लावून ऊब पाहिली. मग खिशातून घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. “मोजा.” खालच्या तबकात टप टप पडणारे थेंब मी मोजले, एका मिनिटात ५२. “बास,” म्हणाले. “आमच्या हिशेबानं चाळीस ते साठ. ह्यो थेंब म्हणजे दोरीचं पाणी पिणं. पाणी बंद केलं की जळणारच.”

संध्याकाळी लिहिलेला मजकूर, मराठी उच्चारात:

‘१. टाइटन ईच नट बाय वन फ्लॅट.’
‘२. वेट. द पॅकिंग मूव्ह्ज इन्टू पोझिशन स्लोली.’
‘३. काउंट द ड्रॉप्स फॉर वन मिनिट.’
‘४. इफ देअर आर मोअर दॅन ६० ड्रॉप्स, डू स्टेप्स १ टू ३ अगेन.’
‘डू नॉट स्टॉप द ड्रॉप्स. द ड्रॉप्स कूल द पॅकिंग.’

एका ओळीच्या पाच झाल्या. पान वाढणार, छपाई वाढणार. तरी हे असंच राहावं यासाठी मी आग्रह धरणार आहे. ४० ते ६० हा आकडा डिझाइन विभागाकडून लेखी मागवला.

१३ जून

आकडा आला, तोच. पाइपच्या फ्लँजचे १४ वाक्यबदल एका बैठकीत संपले, सगळे ‘यूझिंग’चे. ‘विथ’ लावलं की झालं.

१८ जून

आज लोंबकळणारी वाक्यं घेतली. उपवाक्याचा कर्ता एक आणि मुख्य वाक्याचा दुसरा, पण लिहिलेला एकच.

‘हॅविंग क्लोज्ड द व्हॉल्व्ह, द मोटर कॅन बी स्टार्टेड.’ व्हॉल्व्ह बंद केला कुणी? इंग्रजी व्याकरणाप्रमाणे मोटरनं. ही चूक आपल्याकडच्या लिहिणाऱ्याच्या डोळ्यांना का दिसत नाही याचा विचार करत होते. मराठीत ‘पंप चालू असताना कव्हर काढू नका’ हे अगदी शुद्ध आहे, चालू आहे पंप आणि काढणार तुम्ही. आपलं -ताना दोन वेगळे कर्ते आनंदाने सांभाळतं. -ऊन मात्र सहसा एकच कर्ता मागतं, ‘मी व्हॉल्व्ह बंद करून मोटर सुरू झाली’ हे कानाला लगेच खटकतं. (‘पाऊस पडून रस्ते ओले झाले’ चालतं, पण तिथे मुद्दाम करणारा कुणी नाही.) इंग्रजी -इंगला आपण मनातल्या मनात -तानाची सवलत देतो, आणि इंग्रजी ती देत नाही. म्हणून चाचणी करताना प्रत्येक वाक्य -ऊनमध्येच म्हणून पाहायचं. जिथे -ऊन अडेल तिथे इंग्रजीही पडलेलं आहे.

उपाय सोपा निघतो: कर्ता परत आणायचा. कृतीच्या वाक्यात तो ‘तुम्ही’च असतो, म्हणून थेट आज्ञा. ‘क्लोझ द व्हॉल्व्ह. स्टार्ट द मोटर.’ ‘बिफोर स्टार्टिंग द पंप’ अशा जागी ‘बिफोर यू स्टार्ट द पंप’. हे शेवटचं काटेकोरपणे पार्टिसिपल नाही, बिफोरच्या मागे आलेलं क्रियानाम आहे, पण वाचणाऱ्याला त्या ‘यू’नं जो दिलासा मिळतो तो तोच.

एक वाक्य व्याकरणानं निर्दोष असूनही अडलं. ‘बीइंग हॉट, द केसिंग मस्ट नॉट बी टच्ड.’ गरम असल्यामुळे की गरम असल्यास? हाच पंप थंड पाण्यालाही जातो आणि बॉयलरकडे परतणाऱ्या गरम पाण्यालाही. थंड पाण्यावरचा माणूस ‘असल्यामुळे’ वाचेल, केसिंगला हात लावेल, गार लागेल आणि पुस्तिकेवरचा विश्वासच जाईल. मग पुढची सूचना तो कशाला पाळेल? लिहिलं: ‘डू नॉट टच द केसिंग. इट कॅन बी हॉट.’ आज्ञा आधी, कारण मागून.

२४ जून

मूळ पुस्तिका लिहिणाऱ्या सरांना मसुदा दाखवला. ते आता सल्लागार म्हणून येतात. त्यांनी शांतपणे वीस पानं वाचली आणि म्हणाले, “कृतीची पानं फार छान झाली आहेत. पण प्रस्तावनेचं प्रकरण वाचताना दगडावरून दगडावर उडी मारल्यासारखं होतंय.” आणि पान ७ वर बोट ठेवलं.

मूळ वाक्य होतं: पंप थांबल्यावर फूट व्हॉल्व्ह मिटून, सक्शन पाइपमध्ये पाणी अडवून ठेवत, पुढच्या वेळचं प्रायमिंग वाचवतो. (फूट व्हॉल्व्ह म्हणजे सक्शन पाइपच्या तळाची झडप, प्रायमिंग म्हणजे सुरू करण्याआधी पंपात पाणी भरणं.) मी केलेलं: ‘द पंप स्टॉप्स. द फूट व्हॉल्व्ह क्लोझेस. वॉटर स्टेज इन द पाइप. यू डू नॉट प्राइम द पंप अगेन.’

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी -इंग काढताना त्यात लपलेला संबंधही फेकून दिला. चार घटना एका रांगेत उभ्या राहिल्या, कशामुळे काय घडलं ते कुठेच नाही. शेवटचं वाक्य तर ‘पुन्हा प्रायमिंग करू नका’ असंही वाचता येतं! कृतीच्या पानावर क्रमाला आकडे सांभाळून घेतात. माहितीच्या पानावर जोडशब्दच लागतात.

नवीन: ‘व्हेन द पंप स्टॉप्स, द फूट व्हॉल्व्ह क्लोझेस अँड कीप्स द वॉटर इन द पाइप. बिकॉज ऑफ धिस, द पंप इज रेडी फॉर द नेक्स्ट स्टार्ट.’

जोडशब्दांची यादी ठरवली: व्हेन, बिफोर, आफ्टर, इफ, बिकॉज, सो दॅट, अंटिल. ‘ॲज’ आणि ‘सिन्स’ घेणार नाही, दोघेही वेळ आणि कारण अशा दोन्ही दारांत उभे असतात. पहिल्या तीन प्रकरणांतली २६ वाक्यं पुन्हा करायला घेतली. दोन दिवस लागतील, लागू देत.

१ जुलै

आयटीआयमधून आलेल्या सहा ॲप्रेंटिस मुलांना घेऊन चाचणी. तिघांना जुनी पानं, तिघांना नवी. सगळे मराठी माध्यमातले. काम: पंप सुरू करून बंद करायचा, काका शेजारी उभे.

जुनी पानं घेतलेल्या एका मुलानं ‘हॅविंग क्लोज्ड द व्हॉल्व्ह’ वाचलं आणि मला विचारलं, “मॅडम, यात क्लोज्ड व्हॉल्व्ह कुठला? हा पंप क्लोज्ड व्हॉल्व्हवाला आहे का?” त्याच्या दृष्टीनं ‘हॅव’ म्हणजे जवळ असणे. आठवीपासून तो तेच शिकलाय. त्यानं अर्थ लावला तो चुकीचा असला तरी विचार करूनच लावला होता. काकांनी तिथे थांबवलं.

नव्या पानांवरचे तिघे न थांबता शेवटपर्यंत गेले. एकजण फक्त ‘फुली’वर अडला, त्याला ते कुणाचं आडनाव वाटलं. ‘क्लोझ फुली’च्या जागी ‘क्लोझ द व्हॉल्व्ह. मेक शुअर दॅट इट डझ नॉट टर्न मोअर’ असं करून पाहिलं, पण लांबलं. शेजारी चाकाचं छोटं चित्र देऊन ‘क्लोझ’च ठेवला. ‘इमिजिएटली’चा अर्थ सहाही जणांना नीट सांगता आला.

मुलांनी जाताना विचारलं, हे पान आम्हाला मिळेल का. झेरॉक्स दिल्या.

४ जुलै

-एडची शेपटं संपवली. ‘द ॲरो मार्क्ड ऑन द केसिंग’मधलं ‘मार्क्ड’ काढलं, ‘द ॲरो ऑन द केसिंग’ पुरतं. ‘द बोल्ट्स प्रोव्हायडेड विथ द पंप’चंही तसंच. अशा शब्दांना काही कामच नव्हतं.

एकच वाक्य खरं फसवं निघालं: ‘द ऑइल ड्रेन्ड फ्रॉम द हाउसिंग मस्ट नॉट बी यूझ्ड अगेन.’ वाचणारा ‘तेल हाउसिंगमधून निथळलं’ इथे थांबतो आणि पुढचं ‘मस्ट’ त्याला निराधार वाटतं. केलं: ‘ड्रेन द ऑइल फ्रॉम द हाउसिंग. डू नॉट यूझ धिस ऑइल अगेन.’

९ जुलै

१३७ पैकी १३६ झाली. पुस्तिका ५६ वरून ६१ पानांवर गेली. व्यवस्थापनानं पाचही पानं मंजूर केली, पान ३१ वर चर्चाच झाली नाही. परत आलेला तो स्लीव्ह मी बैठकीत टेबलावर ठेवला होता.

उरलेलं वाक्य पान ४४ वर: ‘रिप्लेसिंग द बेअरिंग, चेक द शाफ्ट फॉर वेअर.’ मी ‘बेअरिंग बदलताना’ धरलं होतं. काका म्हणतात, जुनं उतरवल्यावर आणि नवीन चढवायच्या आधी, कारण नवीन बसलं की शाफ्टची ती जागा झाकली जाते. डिझाइनकडून होकार यायचा आहे. तोवर मसुद्यात काकांचा क्रम टाकला आहे आणि शेजारी लाल खूण ठेवली आहे.

ग्लँडचं पान काकांनी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून टेस्ट बेडच्या खांबाला तारेनं बांधलं आहे. खाली मराठीत त्यांच्या अक्षरात एक ओळ जास्त आहे: थेंब चालू पाहिजे.